मधली जागा

जनरेटर आला मासळीच्या टेम्पोतून,
बर्फाच्या वासासकट.
चार माणसं, एक फळी,
आणि शेवंती ओरडतेय, अबोलीच्या वाफ्यावर पाय नको.

पैसे मुलाचे, दोह्याहून.
फोनवर म्हणाला, बाबा, आता तरी
अंधारात बसू नका.
आता तरी म्हणजे काय, मी विचारलं नाही.
बत्तीस वर्षं रिवणचा उजेड
माझ्या खांद्यावरच्या दोरीला होता.
माड पडला, की मी. फणसाची फांदी तारेवर, की मी.
पंगतीतून उठवून नेलेला मी,
वाटीतली सोलकढी तशीच.
आणि आता माझ्याच अंगणात हे पिवळं यंत्र, पाच केव्हीए,
माझ्याच खात्यावर अविश्वासाचा ठराव.
पेन्शन त्याच खात्याची आहे,
म्हणून हे हळू बोलतो.

फिटर कुडचड्याचा, रॉयसन. कानात डूल, हात चांगला.
चौथऱ्यात बोल्ट, बोल्टाखाली रबराच्या चकत्या,
धुराची नळी पिएदादच्या खिडकीकडे होती
ती वळवून घेतली.
ती बलकांवातून बघत होती. आवाज किती करतो?
तुझ्या कोंबड्यापेक्षा कमी, मी म्हटलं.
ते खोटं होतं.

अर्थिंगचा खड्डा मी स्वतः खणला, चिरा लागेपर्यंत.
तांब्याची पाटी, कोळसा, मीठ,
पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.
लोणचं घालताय का, शेवंती म्हणाली.

संध्याकाळी रॉयसन हात पुसत म्हणाला,
चेंजओव्हर पुढच्या आठवड्यात आणतो.
तोवर मेन पाडायचा
आणि जनरेटरची पिन सरळ सॉकेटला.
सगळे तसंच करतात, काका.

सगळे तसंच करतात.
त्या रात्रीही कुणीतरी तसंच केलं होतं,
मेन पाडायचं तेवढं विसरून.
इनास खांबावर होता, फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात,
तिन्ही, मी मोजले होते.
म्हणून खालून म्हणालो, चढ, लाइन मेलीय.
वाड्यावर तीन घरांत जनरेटर होते.
एका घरी बारसं, एका घरी आजारी माणूस,
एका घरी फक्त फ्रीज.
कुणाच्या सॉकेटमधून वीज उलटी चढली
ते कळलं नाही.
मी शोधलंही नाही फार. तिन्ही घरी चहा प्यालोय नंतर.

रॉयसनला एवढंच सांगितलं,
मडगावला जा, आजच.
रात्री साडेनऊला कदंबातून उतरला, खोकं काखेत,
तोंड फुगलेलं.
फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घेतलास ना?
घेतला, काका.
भिंतीवर बसवला. लाल मूठ, तीन जागा.
वर सरकार. खाली मी.
मधे काहीच नाही.

गुरुवारी पावणेनऊला वीज गेली.
शेवंती म्हणाली, लावा ना, फ्रीजमध्ये इसवण आहे.
मी मूठ मधे आणली
आणि तिथेच थांबलो.
आमचं घर तेव्हा कुठल्याच तारेला बांधलेलं नव्हतं.
किती वेळ, कोण जाणे. इसवण काही बोललं नाही.
मग मूठ खाली, चावी,
आणि अंगण हादरलं. दिवे लागले.
पिएदादचा कोंबडा आरवला,
रात्री नऊ वाजता.

तिठ्यावर बॅटरी हलताना दिसली.
नवा पोरगा, नाव अजून पाठ नाही.
चपला घालून गेलो.
तो कमरेला पट्टा आवळत होता.
आधी तार जमिनीला बांध, म्हटलं.
काका, लाइन मेलीय, फ्यूज माझ्याकडे आहेत,
खिसा थोपटून दाखवला त्यानं.
माहीत आहे, म्हटलं.
तरी बांध.